सेकंडहँड रोड बाईक घेताय? आधी हा हिशोब मांडा (माझे १४,६०० रुपये गेले, तुमचे जायला नकोत)



आपल्या चॅनलवर जुनं मशीन विकत घेण्याबद्दलचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं, "वस्तू स्वतः चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका." तो व्हिडिओ टाकल्यावर पंधरा दिवसांत मी स्वतः एक जुनी रोड बाईक घेतली. न चालवता. पार्किंगमध्ये, मालकाने सायकल धरलेली, मी दोन मिनिटं वर बसलो आणि मोबाईलवरून पैसे पाठवले. आज त्याच फजितीचा पूर्ण हिशोब तुमच्यासमोर मांडतोय.

आधी थोडं कारण सांगतो. माझं नाशिकला मिक्सर-कुकरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. सकाळी दहा ते रात्री नऊ काउंटरवर बसून. पस्तिशी यायच्या आतच डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की साखर काठावर आहे, गोळ्या नको असतील तर हालचाल वाढवा. जिम दोनदा लावून सोडली होती. नाशिकमध्ये सायकलिंगचं वातावरण चांगलं आहे. २०१५ साली इथल्या डॉ. महाजन बंधूंनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या टीमने पूर्ण केली, तेव्हापासून तर ते आणखी वाढलं. पहाटे गंगापूर रोडला, त्र्यंबक रोडला वाकड्या हँडलच्या सायकली सुसाट जाताना दिसतात. म्हटलं, आपणही घेऊ. पण नवीनवर एवढे पैसे घालायचे आणि महिन्याभरात कंटाळा आला तर? म्हणून जुनी.

विचार चुकीचा नव्हता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अनेकांनी हौसेने सायकली घेतल्या आणि त्यातल्या कितीतरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडल्या. माल बाजारात आहे. फसली ती माझी खरेदीची पद्धत.

माझा तोट्याचा हिशोब

सायकल दिसायला झकास होती. धुतलेली, पुसलेली, हँडलला नवी कोरी पांढरी टेप. मालक म्हणाला, "अडतीस हजारांची आहे, सोळाला देतो." मी खूश. घरी आणल्यावर काय निघालं बघा:

- चेन आणि कॅसेट दोन्ही झिजलेले: २,६०० रुपये
- टायरच्या बाजूला भेगा, म्हणून टायर-ट्यूब नवीन: ३,२०० रुपये
- गंजलेल्या केबल: ९०० रुपये
- बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही पायडलच्या मधली बेअरिंग: १,४०० रुपये
- पूर्ण सर्व्हिसिंग: १,५०० रुपये

एकूण ९,६०० रुपये. म्हणजे सोळा हजारांची सायकल २५,६०० ला पडली. एवढं करूनही ती मला चालवता येत नव्हती. माझी उंची ५ फूट ५ इंच आणि फ्रेम ५६ साइजची. त्यात सीटचा दांडा फ्रेममध्ये जाम झालेला, खाली होईना. मेकॅनिकने तेल सोडून बघितलं, ठोकून बघितलं, हलला नाही. तीन महिने मी कंबर डावी-उजवीकडे हलवत चालवली. मान आणि गुडघा दोन्ही धरले. बायको म्हणाली, "साखर कमी करायला आणली होती ना? आता हाडांच्या डॉक्टरकडे जाताय."

शेवटी ५ फूट १० इंचाच्या एका मुलाला सगळं खरं सांगून ११,००० ला विकली. जाम झालेली सीट त्याच्या उंचीला बरोबर बसत होती, म्हणून व्यवहार जमला. तोटा १४,६०० रुपये.

चूक नेमकी कुठे झाली?

माझ्या दुकानातलंच उदाहरण देतो. मिक्सरचा कपलर गेला तर किरकोळ खर्च. जार बदलायचा तर जरा जास्त. पण मोटर जळली की गिऱ्हाईक म्हणतं, "जाऊ दे, नवीनच घेतो." सायकलच्या भागांचेही असेच तीन गट पडतात:

- बदलता न येणारे: फ्रेमची साइज, फ्रेमची तब्येत, फोर्क म्हणजे आपला चिमटा.
- बदलता येणारे, पण महाग: शिफ्टर म्हणजे गिअर-ब्रेकचे जोड लिव्हर, चाकं, क्रँक.
- झिजणारे, स्वस्त: चेन, कॅसेट, टायर, केबल, ब्रेकचे रबर, हँडलची टेप.

विकणारा माणूस तिसरा गट चकाचक करतो, कारण तो स्वस्तात होतो. आणि नवशिका घेणारा नेमका तिसराच गट बघतो, कारण डोळ्याला तोच दिसतो. मी चारशे-पाचशे रुपयांच्या टेपवर भाळलो आणि फ्रेमची साइज विचारली नाही. तपासणी वरून खाली करा: आधी पहिला गट, मग दुसरा, शेवटी तिसरा. पहिल्या गटात नापास झाली तर पुढे काही बघायचं कारणच नाही. कितीही स्वस्त असो, नमस्कार करून निघा.

घरून निघण्याआधी: फोनवर पाच गोष्टी मागा

पेट्रोल आणि रविवार दोन्ही वाचतात.

१. फ्रेमची साइज, आणि विकणाऱ्याची स्वतःची उंची. तो सहा फूट आणि तुम्ही साडेपाच, तर बहुधा तिथेच विषय संपला.
२. चेनच्या बाजूने पूर्ण सायकलचा फोटो.
३. पुढच्या हँडलखाली जिथे फ्रेमच्या नळ्या जुळतात, त्या जागेचा खालून फोटो.
४. क्रँकच्या खाली फ्रेमवर कोरलेला फ्रेम नंबर.
५. बिल आहे का? नसेल तर कुठून आणि कधी घेतली?

ज्याला विकायची घाई आहे पण फोटो पाठवायला वेळ नाही, त्याच्याकडे जाऊ नका.

जागेवर: पंधरा मिनिटांची तपासणी

सोबत दोनच वस्तू न्या: इंचाच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी आणि षटकोनी एलन कीचा सेट. दिवसा उजेडी जा.

*पहिलं, साइज.* सायकलच्या वरच्या दांड्यावर दोन्ही पाय टेकवून उभे राहा. दांडा आणि तुमच्यात साधारण एक-दोन इंच जागा हवी. मग सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली आणा. पाय जवळजवळ सरळ झाला की सीटची उंची साधारण बरोबर. त्यासाठी सीट वर-खाली करावीच लागेल, म्हणजे दांडा जाम आहे का तेही तिथेच कळेल. आपल्याकडे पावसाळ्यात भिजून पडलेल्या सायकलींत आणि कोकणातल्या खाऱ्या हवेतल्या सायकलींत हे जाम होणं नेहमीचं आहे. मालक म्हणाला, "घरी गेल्यावर करा खाली", तर माझी आठवण काढा. शेवटी ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर हात ठेवा. कोपर थोडं वाकलेलं राहायला हवं. हात ताणून सरळ होत असतील तर फ्रेम लांब आहे.

*दुसरं, फ्रेम आणि चिमटा.* पुढच्या नळीच्या जोडाखाली बोट फिरवा. रंगाला सुरकुत्या, फुगवटा किंवा केसासारखी रेघ असेल तर सायकल समोरून कुठेतरी धडकलेली असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक वेल्डिंगजवळ बघा. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला तडा गेला की विषय संपला, गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याचं ते काम नाही. चिमटा बाजूने बघा, मागे दबलेला नको. उतारावर चाळीसच्या वेगात चिमटा तुटला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून या पायरीवर भिडस्तपणा करू नका. मालकासमोर खुशाल गुडघे टेकून बघा.

पहिलीच सायकल असेल तर जुनी कार्बन फ्रेम शक्यतो टाळा. आतलं नुकसान बाहेरून दिसत नाही आणि नाणं वाजवून खात्री पटत नाही. अॅल्युमिनियम फ्रेम, चिमटा कार्बनचा किंवा स्टीलचा, हे नवशिक्याला पुरेसं आहे. कार्बनचा चिमटा असेल तर त्याच्यावर खोल ओरखडा किंवा तडा नाही ना, तेवढं नीट पाहा.

*तिसरं, फिरणारे भाग.* पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी 'टक टक' जाणवलं तर हेडसेट ढिला आहे. तो घट्ट करता येतो, पण छर्रे गेले असतील तर खर्च. क्रँक धरून आडवा हलवा, खेळ नको. चाक उचलून फिरवा आणि ब्रेक रबरपाशी नजर ठेवा. चाक आऊट असेल तर रिम डावी-उजवीकडे डोलताना दिसेल. थोडं आऊट असेल तर मेकॅनिक आरे कसून काढतो. रिमला खड्ड्याचा ठोका बसून ती वाकली असेल तर रिमच बदलायची तयारी ठेवा. रिम ब्रेकची सायकल असेल तर रिमच्या कडेवर बोट फिरवा. घासून बशीसारखी आत गेली असेल तर तिचं आयुष्य संपत आलंय.

*चौथं, गिअर.* मागचं चाक उचलून एक-एक करत सगळे गिअर टाका, वर आणि खाली. लिव्हर दाबल्यावर पोकळ जात असेल तर सावध व्हा. कधी आतलं ग्रीस घट्ट झालेलं असतं आणि साफसफाईने काम होतं, पण शिफ्टर खरंच गेला असेल तर या सायकलीतला सगळ्यात महाग भाग गेला. मागून बघा, गिअर बदलणारा डिरेलर कॅसेटच्या समांतर लटकतोय का. आत वाकला असेल तर सायकल त्या बाजूला पडलेली आहे.

शिमानोच्या रोड गिअरची उतरंड लक्षात ठेवा: क्लॅरिसचे मागे ८ गिअर, सोराचे ९, टियाग्राचे १०, आणि १०५ चे नव्या पिढ्यांत ११ किंवा १२. गिअर वाढले की चेन-कॅसेटही महागतात. सुरुवातीला ८ किंवा ९ गिअर भरपूर झाले.

*पाचवं, चेन.* इथे स्टीलची पट्टी काढा. सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच असतं. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. चेन नवी असेल तर १२ इंचाच्या खुणेवर बरोबर एका पिनचा मध्य येतो. तो पिन खुणेच्या पुढे साधारण दीड मिलिमीटर गेला असेल तर चेन बदलायची. तीन मिलिमीटर गेला असेल तर कॅसेटही गेली असं धरा. ही एक तपासणी मला माहीत असती तर २,६०० रुपये मी किमतीतूनच वजा केले असते.

*सहावं, टायर.* बाजूच्या भिंतीवर भेगा आहेत का बघा. सायकल वर्षभर उभी असली तरी टायर सुकतो, मग "फक्त दोनशे किलोमीटर चाललीय" याला अर्थ उरत नाही. टायरवर '२५-६२२' असं काहीतरी छापलेलं असतं. ६२२ हे रोड बाईकच्या ७०० सी चाकाचं माप, टायर सहज मिळतात. पहिला आकडा टायरची रुंदी. आपल्या रस्त्यांना २८ बरा पडतो, म्हणून फ्रेममध्ये २८ चा टायर बसेल एवढी जागा आहे का ते विचारा.

*सातवं, चालवा.* दोन किलोमीटर तरी. एक चढ, एक उतार. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. मालकाला काळजी वाटत असेल तर तुमच्या गाडीची चावी त्याच्या हातात द्या.

किंमत कशी काढायची?

विकणारा नेहमी जुन्या बिलावरून बोलतो. तुम्ही आज दुकानात त्याच किंवा तशाच नव्या सायकलची काय किंमत आहे तिथून सुरुवात करा. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. करासकट ४०,००० ची सायकल घ्या. मूळ किंमत तीच राहिली असेल तर नव्या दराने ती ३७,५०० ला यायला हवी. म्हणजे चाळीस हजारांचं बिल दाखवणाऱ्याला आजचा दर आधी सांगा.

माझा अंगठ्याचा नियम असा आहे. दोन-तीन वर्षं जुनी, पहिल्या दोन गटांत पूर्ण पास झालेली सायकल असेल तर आजच्या नव्या किमतीच्या ६० टक्क्यांच्या वर जायचं नाही, आणि त्यातून तिसऱ्या गटाचा खर्च वजा करायचा.

समजा, आजची नवी किंमत ३७,५००.
६० टक्के म्हणजे २२,५००.
चेन, कॅसेट, टायर, केबल, सर्व्हिसिंग धरून खर्च ६,३००.
तुमची वरची मर्यादा: १६,२००.

हा आकडा कागदावर लिहूनच बोलणीला बसा. घासाघीस करताना "जरा कमी करा ना" म्हणू नका. पट्टीवर चेन दाखवा, टायरच्या भेगा दाखवा, त्याची किंमत सांगा. समोरचाही माणूस समजूतदार असतो, आकडा दाखवला की तो ऐकतो. आणि मर्यादेच्या वर गेला तर सोडून द्या.

बजेट ठरवताना हेल्मेट, पुढचा-मागचा लाईट, पंप आणि जादा ट्यूब यांचे तीन-चार हजार वेगळे ठेवा. सगळं जुनं चालेल, हेल्मेट मात्र नवीनच. आधी आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसतं, पण आतून कामातून गेलेलं असू शकतं.

कागद

सायकलला आरटीओ नोंदणी नसते, त्यामुळे मालकी सिद्ध करायला बिल आणि फ्रेम नंबर एवढंच हातात असतं. चोरीची आहे असं वाटायला कारण असताना माल घेणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये तो येतो. म्हणून साध्या कागदावर पावती करा: दोघांची नावं, पत्ता, फोन, सायकलचा ब्रँड, रंग, फ्रेम नंबर, रक्कम, तारीख, सह्या. पैसे शक्यतो यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. आणि सायकल बघण्याआधी टोकन मागणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका.

दुसरी सायकल

पहिली विकल्यावर मी दीड महिना थांबलो. चार सायकली बघितल्या, तीन सोडल्या. एक तर फक्त १२,००० ला होती, पण जोडाखाली रंगाला बारीक सुरकुत्या होत्या. हात शिवशिवत होते, तरी निघालो. चौथी ५२ साइजची, ९ गिअरची, रंग उडालेली, टेप फाटलेली. बघणाऱ्याला भंगार वाटावी अशी. फ्रेम धड, शिफ्टर लोण्यासारखे. १८,५०० ला घेतली, वर २,१०० रुपये खर्च केला. दोन वर्षं झाली. आता रविवारी पहाटे निघून त्र्यंबकला जाऊन दुकान उघडायच्या आत परत येतो. गेल्या तपासणीत साखर काठाच्या अलीकडे होती. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा.

तुमच्या धंद्यासाठी

तुमच्यापैकी कोणी जुनं शिलाई मशीन बघतंय, कोणी डीप फ्रीजर, कोणी पिठाची गिरणी. वस्तू बदलते, कागद तोच राहतो. एका पानाचे तीन रकाने करा: काय बदलता येणारच नाही, काय महाग पडेल, काय स्वस्तात होईल. फ्रीजरच्या बाबतीत कॉम्प्रेसर कुठल्या रकान्यात आणि दाराचं रबर कुठल्या, ते तुम्हीच लिहा. आणि साइजचा प्रश्न तिथेही आहेच: ते मशीन तुमच्या आजच्या ऑर्डरच्या मापाचं आहे का, की स्वस्त मिळतंय म्हणून घेताय?

काहींच्या डोक्यात येईल की जुन्या सायकली घेऊन दुरुस्त करून विकण्याचाच धंदा करावा. करता येईल, पण आधी स्वतःसाठी एक घ्या, वर्षभर चालवा, स्वतःच्या हाताने चेन बदला, आऊट काढायला शिका. गिऱ्हाईकाच्या जिवाशी संबंध असलेली वस्तू आहे, व्हिडिओ बघून तिची तपासणी शिकता येत नाही.

या रविवारी एवढंच करा: जवळच्या सायकल दुकानात जा, तुमच्या उंचीला कुठली साइज बसते ते नव्या सायकलवर बसून बघा आणि तो आकडा पाकिटात लिहून ठेवा. तो आकडा खिशात नसेल तोवर एकही जुनी सायकल बघायला जायचं नाही. माझे १४,६०० त्या एका आकड्यापायी गेले.

भेटू पुढच्या व्हिडिओत. हिशोब लिहीत राहा!